वाळू चाळण्याचे घरगुती मोटारयंत्र

(रोपवाटिकाधारक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोपांच्या पिशव्या भरायच्या असोत, विहिरीचे बांधकाम असो की गोबरगॅसच्या टाकीचा गिलावा असो, वाळू चाळल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. आपल्याकडे ती कशी चाळतात हे आपणास ठाऊकच आहे. चौकटीची जाळी तिरकी उभी करायची आणि फावड्याने वाळू तिच्यावर फेकत राहायचे. निम्मी वाळू पुन्हा पायाशी येते आणि संध्याकाळी कंबर धरते. हे काम बहुधा घरातील बायकांच्या किंवा मजूर स्त्रियांच्या वाट्याला येते. हा त्रास वाचवणारे यंत्र गावच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होऊ शकते. ते कसे करावे आणि करताना काय विसरू नये, हे आज सांगणार आहे.

यंत्राची रचना

या यंत्रात जाळीचे एक आडवे पिंप मोटारीवर सावकाश फिरते. वरच्या टोकातून वाळू टाकली की बारीक वाळू जाळीतून खाली पडते आणि खडे खालच्या टोकातून बाहेर येतात.

पिंपाचा व्यास २४ इंच व लांबी ५ फूट ठेवावी. लोखंडी पट्टीची तीन कडी करून ती सहा लांब पट्ट्यांनी जोडावीत आणि त्यावर बाहेरून जाळी बसवावी. आतील पट्ट्या वाळू उचलून खाली टाकतात, त्यामुळे चाळण चांगली होते. जाळी वेल्डिंगने कायम न करता नट-बोल्टने बसवावी, म्हणजे कामाप्रमाणे बदलता येते. बांधकामाच्या वाळूसाठी सुमारे पावणेपाच मि.मी. आणि गिलाव्यासाठी अडीच मि.मी.च्या आसपास छिद्रांची जाळी घ्यावी. गांडूळखतासाठी तीन ते चार मि.मी.ची जाळी चालते. मात्र आधी गांडुळे वेगळी काढावीत व खत एक दिवस सावलीत सुकवावे.

पिंपाच्या मध्यातून सव्वा इंची दांडा घालून दोन्ही टोकांना बेअरिंग बसवावे. वरचे टोक खालच्यापेक्षा सुमारे ५ इंच उंच ठेवावे. उतार वाढवला तर काम लवकर होते, पण चांगली वाळूही खड्यांबरोबर निघून जाते. वाळू टाकण्याची पन्हळ जमिनीपासून अडीच-तीन फुटांपेक्षा उंच नसावी. घमेले डोक्यापर्यंत उचलावे लागले, तर यंत्र करून कष्ट वाचले कुठे?

वेगाचे गणित

बहुतेक फसगत इथेच होते. पिंप जितके जोरात फिरेल तितके काम जास्त, असा आपला समज असतो. या मापाचे पिंप मिनिटाला ५५ फेऱ्यांच्या आसपास गेले की वाळू जाळीला चिकटूनच फिरते, चाळली जात नाही. आपल्याला सुमारे २५ फेऱ्या हव्यात. मोटार तर १४४० फेऱ्यांची असते. म्हणून वेग दोन टप्प्यांत कमी करावा. मोटारीवर अडीच इंची पुली व मधल्या दांड्यावर १५ इंची पुली बसवली की मधला दांडा २४० फेरे करतो. त्या दांड्यावरील अडीच इंची, दोन खाचांच्या पुलीवरून दोन पट्टे थेट पिंपाभोवती घ्यावेत. पिंप २४ इंची असल्याने २५ फेरे मिळतात आणि वेगळी मोठी पुली विकत घ्यावी लागत नाही. पट्टे जिथे बसतात तिथे जाळीऐवजी साधा पत्रा गुंडाळावा.

एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार पुरेशी आहे. ती पूर्ण बंद प्रकारची घ्यावी, कारण धूळ आत गेली की मोटार लवकर जळते. यंत्र नेहमी रिकामे सुरू करावे, मग वाळू टाकावी.

माझी चूक

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल बोलतो. मी पहिले यंत्र केले तेव्हा पट्ट्यांवर झाकण बसवले नव्हते आणि मोटारीला साधे बटण होते. एकदा चालू कामात वीज गेली. जाळीत अडकलेले खडे काढावेत म्हणून मी एका हाताने पिंप फिरवू लागलो, दुसरा हात पट्ट्यावर होता. बटण बंद करायचे राहून गेले होते. वीज आली आणि दोन बोटे पट्टा व पुली यांच्यामध्ये सापडली. नखे गेली, बोटे वाचली. माझ्या जागी पदर किंवा ओढणी घेतलेली बाई असती तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

मळणी यंत्रांवर हात गमावलेली माणसे आपण पाहिली आहेत. अशा यंत्रांसाठी १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. घरी केलेल्या यंत्राची तपासणी मात्र आपल्याशिवाय कोणी करत नाही. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१) दोन्ही टप्प्यांच्या पट्ट्यांवर पत्र्याचे किंवा जाळीचे झाकण बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

२) साध्या बटणाऐवजी वीज गेल्यावर आपोआप सुटणारा स्टार्टर घ्यावा. पंपाला लावतो तसा ऑटो स्वीच या यंत्राला कधीही लावू नये.

३) पन्हळ किमान तीन फूट लांब ठेवावी, म्हणजे हात पिंपाच्या आऱ्यांपर्यंत पोहोचणार नाही.

४) सांगाड्याला अर्थिंग द्यावे व ३० मिलिअँपियरचे गळती-संरक्षक स्वीच बसवावे.

५) जाळी साफ करण्यापूर्वी प्लग काढून तो खिशात ठेवावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

६) कोरड्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. वाऱ्याकडे पाठ ठेवावी व एन-९५ मास्क वापरावा. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही.

चाळणीने काय साधत नाही

ओली वाळू जाळी बुजवते, म्हणून ती आधी पसरून सुकवावी. चाळणीने खडे निघतात, पण माती-गाळ निघत नाही. त्यासाठी काचेच्या बरणीत निम्मी वाळू व पाणी घेऊन चिमूटभर मीठ टाकावे, हलवून तीन तास स्थिर ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांहून अधिक असेल, तर बांधकामासाठी ती वाळू धुऊन घ्यावी. आणखी एक गोष्ट. यंत्र घरचे असले तरी ओढ्या-नदीतील वाळू घरची नसते. ती परवान्याशिवाय काढू नये.

बंधू-भगिनींनो, यंत्राचा खर्च काढताना झाकण आणि स्टार्टर वगळून काढू नका. पैसे कमी पडत असतील तर महिनाभर थांबा, तोवर हाताने चाळा. कष्ट वाचवण्यासाठी आणलेल्या यंत्राने घरातील कोणाचा हात नेला, तर त्याची भरपाई कोणत्याही पिकातून होत नाही.