ट्रॉलीचा मागचा दिवा

गळीत हंगामात सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावतात. मागचा दिवा बंद असला, तर मोटारसायकलस्वाराला ट्रॉली दिसत नाही आणि एखाद्या घरचा कर्ता माणूस जातो.

हा दिवा पुष्कळदा अर्थिंगमुळे बंद पडतो. हुकाच्या पिनेवर माती व गंज साचतो. तिच्यातून वीज नीट वाहत नाही. म्हणून अर्थिंगची स्वतंत्र वायर ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून थेट दिव्यापर्यंत न्यावी. वळणावर ताण पडू नये म्हणून दांडीपाशी वायर थोडी सैल ठेवावी. फ्यूज उडाल्यास त्या जागी तार बांधू नये.

लोंबणाऱ्या उसाने दिवा झाकत नाही ना, हे पाहावे. निघण्यापूर्वी एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून दिवा पाहावा. दिवा लागला, तरच ट्रॉली रस्त्यावर काढावी.