वादळ ओसरल्यावर कोण कुठे?

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'नाट्य-साहित्यातील वादळ, सत्ता आणि अराजक' असा मोठ्या अक्षरांत छापला आहे. शब्द भारदस्त आहेत, पण घाबरू नका. वादळ आणि पाणी म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन साली पंचगंगेने आपल्याला ते शिकविले आहे. पाणी चढते तेव्हा ते जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. चढताना नसेल विचारीत. पण पाणी ओसरल्यावर काय होते? दुमजली घरातला माणूस जिना उतरून खाली येतो आणि गाळ काढायला लागतो. मातीच्या घरातला माणूस छावणीतून परत येतो तेव्हा त्याची भिंतच उरलेली नसते. म्हणून मी साहित्य वाचताना वादळाचे वर्णन किती बहारदार आहे हे फारसे पाहत नाही. वादळ ओसरल्यावर कोण कुठे उभा आहे, एवढेच पाहतो. आज याच फूटपट्टीने चार-पाच कृती आपण मोजू.

सुरुवात जुन्या संस्कृत नाटकाने करतो. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आपल्याला ठाऊक आहे ते सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत नाटकामुळे. वसंतसेना, चारुदत्त आणि मातीची गाडी एवढेच सर्वांच्या लक्षात राहते. पाचव्या अंकात विजा कडाडतात, आभाळ फाटते आणि त्या पावसात वसंतसेना चारुदत्ताच्या घरी निघते. रसिक मंडळी तिथेच भिजत बसतात. खरे वादळ उज्जयिनीच्या राज्यात घोंगावत असते, तिकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. पालक राजा एका भविष्याला घाबरून आर्यक नावाच्या गवळ्याच्या पोराला कैदेत टाकतो. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा आवळतो आणि आळ चारुदत्तावर घालतो. न्यायाधीश आज खटला घ्यायला तयार नसतो, तर हा मेहुणा त्याला धमकावतो, 'भावोजींना सांगून तुला काढून टाकीन.' खटला उभा राहतो. ब्राह्मणाला देहदंड देता येत नाही, हद्दपार करावे, असा मनूचा हवाला न्यायाधीश देतो. राजा तोही झुगारतो आणि सुळाची शिक्षा फर्मावतो. मनुस्मृतीचा आधार ज्यांना मिळायचा त्यांनाही बेबंद सत्तेपुढे तो पुरला नाही, हे शूद्रकाने दाखवून ठेवले आहे.

आता दहावा अंक. चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे दोघे चांडाळ आहेत. सगळ्या नाटकात माणुसकीचे बोलणे कुणाचे असेल तर या दोघांचे. आम्ही चांडाळ कुळात जन्मलो असलो तरी चांडाळ नव्हे. सज्जनांना छळतात ते खरे चांडाळ, अशा अर्थाचे ते बोलतात. त्यातला एक वार करायला मुद्दाम उशीर लावतो. का? मरतेवेळी बापाने त्याला सांगितले होते की वध करण्याची घाई करू नकोस. कुणी भला माणूस पैसे भरून कैद्याला सोडवील. राजाला मुलगा होईल आणि कैदी सुटतील. हत्ती साखळदंड तोडून सुटेल आणि त्या गोंधळात हा निसटेल. किंवा कुणी सांगावे, राज्यच बदलेल!

या बापाच्या शहाणपणावर थोडे थांबू या. वरच्या माणसाला अराजकाची धास्ती असते, कारण त्याचे काही तरी जाणार असते. वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र सुटलेला हत्ती हीच आशा असते. अराजक या शब्दाचे दोन अर्थ एकाच दृश्यात आहेत, आणि दुसरा अर्थ चांडाळाच्या तोंडून आला आहे.

पुढे राज्य खरोखरच बदलते. आर्यक पालकाला मारून गादीवर येतो. वसंतसेनाही जिवंत असते. तिला शुद्धीवर आणतो तो एक बौद्ध भिक्खू. हा पूर्वी अंग रगडून देणारा, जुगारात बुडालेला माणूस होता. तिने त्याचे कर्ज फेडले होते. आता बक्षिसे वाटली जातात. भिक्खूला सर्व विहारांचे प्रमुखपद मिळते. स्थावरक नावाचा गुलाम दास्यातून मुक्त होतो. शकारालाही चारुदत्त क्षमा करून सोडतो. आणि आपले दोघे चांडाळ? त्यांना सर्व चांडाळांचे प्रमुख करण्यात येते! गवळ्याचा पोर राजा होऊ शकला, दास माणूस होऊ शकला, चांडाळ मात्र चांडाळच राहिला, फक्त बढती मिळाली. माझी फूटपट्टी इथे अडते आणि पुढे सरकत नाही.

आता शेक्सपिअरकडे वळू. सुमारे १६०६ सालच्या 'किंग लिअर'चा विंदा करंदीकरांनी १९७४ साली मराठी अनुवाद केला, तो जरूर वाचा. मुलींना राज्य वाटून मोकळा झालेला म्हातारा राजा तिसऱ्या अंकात वादळी रात्री उघड्या माळावर येतो. झोपडीच्या दारात पोचतो, बरोबरच्या विदूषकाला आधी आत पाठवतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात येते की अशा रात्री ज्यांना छप्पर नाही त्यांचे काय होत असेल, आपण राजा असताना त्यांची काळजी फारच थोडी घेतली. जगातल्या नाटकांमध्ये या क्षणाच्या तोडीचे क्षण थोडेच. पण एक गोम आहे. त्या झोपडीतून जो नागडा भिकारी बाहेर येतो, तो भिकारीच नसतो. तो सरदाराचा मुलगा एडगर, वेष पालटून लपलेला. राजाला गरिबांची आठवण झाली, पण गरीब काही रंगमंचावर आला नाही.

(इथे एक आठवण सांगण्याचा मोह होतो. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि दोनच वर्षांत दुष्काळ उभा ठाकला, पाठोपाठ प्लेग. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, हाताला कामे दिली. लिअरला माळावर जे उमगले ते त्यांना गादीवर बसून उमगले होते. असो.)

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' याच लिअरच्या मातीतून उगवले. डिसेंबर १९७० मध्ये ते रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. शिरवाडकरांनी राज्य काढून टाकले आणि घर ठेवले. यामुळे सत्तेचा प्रश्न कौटुंबिक झाला, ही माझी तक्रार आहे; म्हाताऱ्या आईबापांसाठी रडलेले प्रेक्षक फूटपाथवरच्यांसाठी रडले असे नाही. पण एका गोष्टीसाठी मी शिरवाडकरांना मानतो. बेघर झालेल्या गणपतरावांना जवळ करणारा बूटपॉलिशवाला पोरगा खराखुरा बूटपॉलिशवाला आहे. तो वेषांतर केलेला कुणी सरदारपुत्र नाही. आणि त्याचे नाव राजा आहे!

मग येते १९७२ साल. मराठी मुलखात भीषण दुष्काळ. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि डिसेंबरात पुण्यात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. घाशीरामला नाना फडणवीस कोतवाल करतो तो एका मुलीच्या मोबदल्यात. कोतवाल शहराला छळतो, शहर चवताळते, आणि नाना एका सहीनिशी त्याला जमावाच्या हवाली करतो. जमावाला वाटते आपण जिंकलो. दगड कुणाच्या हातात आहेत आणि ते कुणी दिले, हे कुणी विचारीत नाही. वादळ ओसरते तेव्हा नाना होता तिथेच असतो. हे नाटक १९ प्रयोगांनंतर त्या संस्थेने बंद केले, पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. लोक भांडले ते नानांच्या बदनामीवरून. ज्या मुलीचा सौदा झाला, तिच्यावरून फारसे कुणी भांडले नाही.

'गोलपिठा'ची गोष्ट वेगळी. तिथे वादळ तिसऱ्या अंकात येत नाही, कारण तिथे कधी उघडीपच नव्हती. राजा माळावर आल्यावर ज्यांची आठवण काढतो, ते इथे स्वतः बोलायला उभे राहिले. लिअरच्या झोपडीतला माणूस अखेर बाहेर आला, असे मला 'गोलपिठा' वाचताना वाटते. पण हे मुंबईत घडण्याआधी आपल्या शेजारी, वारणेच्या खोऱ्यात, घडून गेले होते. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' ही १९५९ सालची कादंबरी. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात मांग-महारांची माणसे अन्नावाचून तडफडतात. सरकार त्यांना धान्य देत नाही, त्यांच्यावर हजेरी मात्र बसवते. फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो. सरकारदप्तरी हा दरोडा. कादंबरीतले विष्णुपंत कुलकर्णी मात्र, उपाशी मरू नका, जगा, असेच सांगतात.

हे वाचताना मला दीघनिकायातले कूटदन्त सुत्त आठवते. महाविजित राजाच्या राज्यात लुटालूट माजलेली असते. राजाच्या डोक्यात मोठा यज्ञ असतो. पुरोहित म्हणतो, दंड करून, बेड्या घालून, ठार मारून हा उपद्रव थांबणार नाही. उरलेले पुन्हा उठतील. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. राजा ऐकतो आणि लोक दारे उघडी टाकून राहू लागतात. फकिराच्या काळात असा पुरोहित होता, पण ऐकणारा राजा नव्हता. आपल्या माणसांना सोडविण्यासाठी फकिराला स्वतःला सरकारच्या हवाली करावे लागले.

तरुणांना एक काम सुचवून थांबतो. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या आगीत पुष्कळांची रंगभूमी जळाली, हे खरे. पण 'मृच्छकटिका'चा दहावा अंक करायला विहाराचा हॉल आणि एक सतरंजी पुरते. सात-आठ पोरे जमवा, मोठ्या भूमिकांसाठी भांडू नका, दोघा चांडाळांची कामे सर्वांत चांगल्या नटांना द्या. शेवटी त्यांना चांडाळांचे प्रमुखपद जाहीर होते, तेव्हा त्या दोघांनी आनंदाने मान लववायची, एकमेकांकडे पाहायचे, की हातातली तलवार खाली ठेवून चालू लागायचे, हे तालमीत तुम्ही ठरवा. प्रयोगाला मला बोलवा.

 जयभीम.