लेकीचं शहर महाग, मुक्काम कुठे?



कॅलिफोर्नियातल्या 'बे एरिया'मधली फ्रीमाँट, सनीवेल, क्युपर्टिनो, सॅन होजे ही नावं आता पुण्या-ठाण्यातल्या आजी-आजोबांनाही तोंडपाठ आहेत. 2024 साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही सॅन होजेलाच भरलं. पण तिथली घरं इतकी महाग, की नवरा-बायको दोघं कमावते असूनही कित्येकांचा संसार छोट्याशा भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये चालतो. अशा घरी ॲरिझोनाहून किंवा टेक्सासहून भाऊ-वहिनी, मुलं आणि सोबत आई-वडील आले, की सगळ्यांनी झोपायचं कुठे? आठवडाभर हॉटेलात राहणं खिशाला झेपत नाही, म्हणून काही कुटुंबं आरव्ही घेऊन येतात. ओटा, फ्रीज, पलंग, संडास-न्हाणी, सगळं चाकांवर.

पण हे चाकांवरचं घर उभं करायलाही जागा लागतेच, आणि इथे तीच सगळ्यात महाग.

पहिला विचार अर्थातच नातेवाइकांच्या दाराचा. घर स्वतंत्र असेल, दारापुढची जागा लांब आणि सपाट असेल, तर एक-दोन रात्री निभतात. त्यासाठी शहराचा नियम आणि वसाहतीच्या संघटनेची परवानगी मात्र आधी पाहावी लागते. मग येते वीज. आरव्हीला 30 किंवा 50 अँपिअरची जोडणी लागते आणि गॅरेजमधला साधा प्लग असतो 15 किंवा 20 अँपिअरचा. अडॅप्टर लावून दिवे, फ्रीज, फोनचं चार्जिंग खुशाल चालतं. पण एसी सुरू असताना कुणी मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवायला ठेवलं, की घरातला ब्रेकर पडलाच म्हणून समजा. लांबलचक पातळ एक्स्टेंशन वायर तर हाताला चटका बसेल इतकी तापते. वायर जाड आणि शक्य तितकी आखूड हवी.

त्याहून महत्त्वाचं सांडपाणी. ओट्याचं आणि अंघोळीचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं, संडासाचं ब्लॅक टँकमध्ये. हे टँक डंप स्टेशनवरच, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या ठरावीक जागीच, रिकामे करायचे. रस्त्याकडेच्या गटारात यातलं थेंबभरही सोडू नये, कारण बे एरियातल्या बहुतेक शहरांत ते पाणी कोणतीही प्रक्रिया न होता ओढ्या-नाल्यांतून थेट उपसागरात जातं.

आणि रस्त्यावरच गाडी लावली तर? कॅलिफोर्नियातल्या अनेक शहरांत एकाच जागी 72 तासांहून जास्त उभी राहिलेली गाडी उचलून नेता येते. माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी 2020 साली अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या उभ्या करण्यावर बंदी आणणारा ठराव मंजूर केला. त्यामागे एक दुखरी गोष्ट आहे. रस्त्याकडेला रांगेनं उभ्या दिसणाऱ्या आरव्हींपैकी कित्येक सहलीच्या नसतातच. घरभाडं परवडत नाही म्हणून कामकरी माणसं त्यांत राहतात. चार दिवसांच्या पाहुण्यांनी त्यांच्या जागेत वाटेकरी होऊ नये.

मग परवडणारी जागा आहे कुठे? शहराच्या कडेला, आणि बहुतेक वेळा सरकारी मालकीची. ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट ही संस्था 1934 पासून लोकांच्या करांतून डोंगर आणि तलाव राखते आहे. कॅस्ट्रो व्हॅलीजवळच्या अँथनी शाबो उद्यानात निलगिरीच्या झाडीत आरव्ही उभ्या करायचा तिचा तळ आहे, दुसरा लिव्हरमोरच्या दक्षिणेला डेल व्हॅले तलावाकाठी. सॅन होजेकडे नातेवाईक असतील, तर सांता क्लारा काउंटीचं माउंट मडोना उद्यान पाहावं. गिलरॉयहून वॉट्सनव्हिलकडे जाणाऱ्या घाटात रेडवुडची उंच झाडी आहे, आणि तिथंच हेन्री मिलर या गुरांच्या बड्या व्यापाऱ्याच्या उन्हाळी बंगल्याचे पडके अवशेष. मुलांना क्युपर्टिनोतल्या मॉलपेक्षा ही जागा नक्की जास्त आवडेल. लेकीच्या घरी जायला मोटारीनं तासभर मोडतो खरा, पण रात्री शांत झोप लागते.

जत्रेची मैदानं मात्र अनेकांच्या ध्यानातच येत नाहीत. अमेरिकेत काउंटीची वार्षिक जत्रा भरते, आणि एरवी त्या मैदानांचा काही भाग आरव्हींना भाड्यानं देतात. प्लेझंटनचं अलमेडा काउंटीचं मैदान असंच आहे. तिथं रेडवुडची सावली मिळणार नाही, पण जवळच डब्लिन-प्लेझंटन हे बार्ट रेल्वेचं स्थानक आहे आणि तिथून गाडी न बदलता सॅन फ्रान्सिस्को गाठता येतं. जून-जुलैत जत्रा असते, तेव्हा तिथल्या जागेचा भरवसा धरू नये. वणव्यांच्या दिवसांत अशी मैदानं घर सोडावं लागलेल्या लोकांचा आसरा होतात, मग पाहुण्यांनी दुसरीकडे सोय बघावी हेच बरं.

आई-वडिलांसाठी एक सवलत आहे. वय 62 पूर्ण असेल आणि अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर 80 डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो. केंद्र सरकारच्या अनेक तळांवर त्यावर निम्मं भाडं माफ होतं. नातेवाईक सँटा रोझाकडे असतील, तर लष्कराच्या अभियंता विभागाचा लेक सोनोमाकाठचा असा तळ त्या बाजूला आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना हा पास मिळत नाही, आणि काउंटीच्या किंवा राज्याच्या उद्यानांत तो चालत नाही. हे न कळल्यानं फाटकावर हिरमोड होतो.

मोठी गाडी पेट्रोलही भरपूर पिते, आणि उपसागरावरच्या पुलांचा टोल आसांच्या संख्येवर ठरतो. त्यामुळे आरव्ही मोटारीमागे ओढायचा ट्रेलर असेल, तर तो तळावरच ठेवावा आणि भेटीगाठींना नुसती मोटार न्यावी.

राज्याच्या उद्यानांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, आणि हाफ मून बेसारख्या समुद्रकाठच्या तळांवर शनिवार-रविवारच्या जागा हातोहात संपतात. तेव्हा श्रोतेहो, उन्हाळ्यात जायचं असेल तर हिवाळ्यातच कॅलेंडर काढून बसा. नेमक्या तारखा लेकीशी बोलून ठरवा, शक्यतो सोमवार ते गुरुवार धरा, आणि जागा नोंदवताना गाडीची लांबी ट्रेलरसकट मोजून सांगा.