गाळ कोणाच्या शेतात?
(जानेफळ येथील भाषण)

तलावातील गाळ म्हणजे शिवारातून पावसाने वाहून नेलेली माती, हे मेहकर तालुक्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ती शेतात परत नेणे यापरता शहाणा व्यवहार नाही. २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यात तो मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. भारतीय जैन संघटनेने यंत्रे दिली, शासनाने इंधनाचा भार उचलला. वाहतूक मात्र शेतकऱ्याने करावयाची. या भागीदारीचे सारे मर्म त्या ‘मात्र’मध्ये आहे! ज्याच्या दारी ट्रॅक्टर, त्याच्या शेतात गाळ. दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी काठावरच राहणार, हे उघड होते.

२०२३ साली शासनाने अल्पभूधारकाला घनमीटरमागे ३५.७५ रुपये, एकरी १५,००० रुपयांपर्यंत, तेही अडीच एकरांच्या मर्यादेत देऊ केले. उशिरा सुचलेले का होईना, शहाणपणच. परंतु अनुदान हाती पडेपर्यंत ट्रॅक्टरवाला भाड्यासाठी थांबत नाही. म्हणून वाहतूक ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावी, गाळवाटपाची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि ती सर्वांत लहान खातेदारापासून सुरू व्हावी. ज्याला शेतच नाही त्याचे काय? खोल झालेल्या तलावातील मासेमारीवर पहिला हक्क भूमिहीनांचा, हा ठराव कार्यकर्त्यांनी त्याच सभेत मांडावा.