खेळ बोलतो, पण गात नाही

संगणकावरचा खेळ मुका झाला की पुष्कळजण प्रथम साउंड कार्डाला दोष देतात आणि नव्याची किंमत विचारायला निघतात. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा. कोणता आवाज येत नाही?

अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने १९९६ साली काढलेला ‘क्वेक’ हा खेळ घ्या. काळोख्या किल्ल्यांतून राक्षसांशी झुंजण्याचा हा प्रकार सर्वांच्या रुचीला उतरेल असे नाही. आपल्या विषयाला मात्र नमुना उत्तम. यात बंदुकीचा बार ऐकू येतो, डरकाळ्या येतात, पण संगीत नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली. आता बार ऐकू येतो त्या अर्थी स्पीकर आणि साउंड कार्ड ही मंडळी ठणठणीत आहेत. मग संगीत अडते कोठे?

गंमत अशी, की या दोन ध्वनींची बिऱ्हाडे वेगळी. बार आणि डरकाळ्या खेळाच्या फाइलीत बांधलेल्या. त्या हार्ड डिस्कवर उतरत. संगीत मात्र सीडीवरच राही, गाण्यांच्या सीडीवर असते तसे. पहिल्या ट्रॅकवर खेळ, दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंत संगीत. घरच्या प्लेअरवरही ते दुसऱ्या ट्रॅकपासून खुशाल ऐकता येई. त्या काळच्या संगणकांत ड्राइव्हकडून साउंड कार्डाकडे हे संगीत एका बारीक, स्वतंत्र केबलने जाई. ती जोडायची राहिली, की खेळ बोले, पण गात नसे.

पुढे खेळ इंटरनेटवरून विकला जाऊ लागला, तेव्हा सुरुवातीच्या प्रतींत हे ट्रॅक नव्हतेच. २०२१ च्या आवृत्तीत ते परत आले. मधल्या काळात ज्यांनी खेळ घेतला, त्यांतल्या कित्येकांना तो मुळातच असा सुनासुना आहे असे वाटले असेल. एका संगीतकाराचे काम गळून जावे आणि कोणाला पत्ताही लागू नये, हे मला फार लागते.

आज जुनी प्रत ‘क्वेकस्पाझम’सारख्या प्रोग्रॅममधून चालवतात आणि सीडीवरचे ट्रॅक फाइली करून ठेवतात. येथे नावाला महत्त्व. फोल्डर ‘म्युझिक’ या नावाचे, आणि तेही खेळाच्या ‘आयडी१’ या फोल्डरच्या आत हवे. पहिली फाइल ‘ट्रॅक०२’. नुसते ‘ट्रॅक२’ लिहिले तर चालत नाही. नावे अर्थात रोमन लिपीत, आणि लिनक्सवर लहान-मोठी अक्षरेही जुळली पाहिजेत. एमपी३ फाइलीचे शेपूट बदलून तिला ओजीजी म्हटले, म्हणून ती ओजीजी होत नाही, बरं का! विंडोज तर ही शेपटे बहुधा लपवूनच ठेवते; ती आधी दिसती करावीत. आणि खेळातील संगीताची पट्टी शून्यावर नाही ना, हेही पाहावे.

एवढे करून खेळ सुरू केलात तरी ठसठशीत चालीची अपेक्षा ठेवू नका. ट्रेंट रेझ्नर आणि त्यांचा नाइन इंच नेल्स हा वाद्यवृंद यांनी येथे बराचसा खोल, दूरवरून येणारा घुमारा भरला आहे. प्रथम वाटते, संगणकाचा पंखाच घरघरतो आहे. आवाज थोडा वाढवावा.