नव्वद नंबरचं तेल



सिग्नलला उभे असाल तेव्हा शेजारच्या बाइककडे जरा कान द्या. हिरवा दिवा लागतो, गाडी निघते आणि मागून खर्र खर्र, मध्येच कट्ट असा आवाज येतो. ती कोरडी पडलेली चेन. पावसाळ्यात अंधेरीच्या सबवेतल्या पाण्यातून निघालेल्या, किंवा मुलुंड-घाटकोपरच्या एलबीएस रोडवर मेट्रोच्या कामाची माती खाल्लेल्या गाड्यांचा हा आवाज मला रोज ऐकू येतो. दर वेळी वाटतं, त्या गाडीवाल्याला बाजूला घेऊन सांगावं. भर ट्रॅफिकमध्ये ते जमत नाही, म्हणून आज इथून सांगतो.

चेनकडे बघितलं की आपल्याला बाहेरच्या पट्ट्या दिसतात. खरं काम चालतं आत. प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनवर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. ही रचना हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस इंजिनिअरनं मँचेस्टरमध्ये १८८० साली केली. आज बोरिवलीहून कामाला निघालेल्या स्प्लेंडरची चेनही त्याच घडणीची आहे. आता हिशोब बघा. एका किलोमीटरला चेन साधारण दोनशे फेऱ्या मारते. बोरिवली ते अंधेरी, हायवेनं पंधरा किलोमीटर धरा, म्हणजे तीन हजार फेऱ्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा दोनदा वाकतो, दोनदा सरळ होतो. एकदा पुढच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, एकदा मागच्या. ऑफिसला पोचेपर्यंत बारा हजार वेळा पिन बुशमध्ये घासली गेली, आणि संध्याकाळी परत तेवढीच. त्या घासण्यात तेल असलं तर पिन तेलावरून सरकते. तेल धुऊन गेलं आणि बारीक रेती शिरली, तर तिथे पॉलिश पेपर फिरतो.

आपण म्हणतो, चेन ताणली गेली. पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतली पिन आणि बुश झिजतात, सांध्यात केसभर पोकळी होते, आणि शंभराहून जास्त सांध्यांची केसभर पोकळी मिळून चेन बोटाच्या रुंदीएवढी लांब होते. म्हणूनच पट्ट्यांवर बाहेरून चोपडलेलं ग्रीस फारसं कामाचं नाही. जाड ग्रीस सांध्यात शिरत नाही, वरच राहतं आणि रस्त्यावरची सगळी धूळ धरून ठेवतं. इंजिनातून काढलेलं काळं तेलही टाकू नका. फुकट मिळतं खरं, पण त्यात काजळी असते, धातूचा चुरा असतो.

मग काय टाकायचं? नव्वद नंबरचं गिअर ऑइल. कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. चेन स्प्रे परवडत असेल तर तो घ्या, कमी उडतो. साध्या चेनला पाचशे किलोमीटरला एकदा आणि पावसात भिजून आलात की त्याच रात्री. पार्सलच्या कामावर दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्या मुलांनो, तुमचे पाचशे किलोमीटर पाच दिवसांत होतात.

वेळ रात्रीची निवडा. घरी आल्या आल्या चेन कोमट असते, तेल पटकन आत उतरतं, आणि सकाळपर्यंत त्याला मुरायला वेळ मिळतो. सोसायटीच्या फरशीवर डाग पडू नये म्हणून खाली पुठ्ठा टाका. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चावी काढून खिशात, गिअर न्यूट्रल.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. घाटकोपरला माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं नाहीत. ऐन विशीत, गाडी पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवून तो फिरत्या चेनला फडकं लावत होता. फडक्याचं टोक स्प्रॉकेटमध्ये गेलं आणि फडक्यामागून बोटं. त्याला हात मागे घ्यायला वेळच मिळाला नाही. ही पद्धत आजही गल्लोगल्ली दिसते, कारण काम दोन मिनिटांत उरकतं. कृपा करून असं करू नका, तुमच्या मेकॅनिकलाही करू देऊ नका. चाक हातानं फिरवा, उलट्या दिशेनं, सावकाश, आणि बोटं स्प्रॉकेटपासून लांब ठेवा.

आधी सफाई. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून चारी बाजूंनी घासा. पेट्रोल नको. ते भडकतं, शिवाय ज्या चेनच्या सांध्यांत रबरी रिंगा असतात त्या रिंगा त्यानं खराब होतात. तारेच्या ब्रशनंही रिंगा खराब होतात, म्हणून तोही नको. मळ सुटला की कोरड्या फडक्यानं पुसा आणि वाळू द्या. मग तेल. खालच्या बाजूची जी चेन असते तिच्या आतल्या अंगाला, पट्ट्यांच्या फटीत, एकेक थेंब. एक पूर्ण फेरी डाव्या पट्ट्यांना, एक उजव्या. आतल्या अंगालाच का? चेन फिरते तेव्हा तेल बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, म्हणजे आत टाकलेलं तेल सांध्यातून जातं. पंधरा मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. टायरवर किंवा डिस्कवर थेंब गेला असेल तर तो आधी पुसा.

ज्यांच्या गाडीला पूर्ण बंद चेन कव्हर आहे, त्यांची चेन जास्त टिकते. पण बंद आहे म्हणून वर्षानुवर्षं ती कोणी बघतही नाही. कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून बघा.

तेल झालं की ढील तपासा. खालच्या चेनच्या मध्यावर बोटानं वर-खाली करा. बहुतेक रोजच्या गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर हालचाल हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवून तीन-चार जागी बघा, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली लागते. घट्ट करताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्यावर ब्रेकही आवळला जातो, तो लगेच बघून घ्या. आणि मागच्या स्प्रॉकेटच्या टोकाला चेन धरून ओढल्यावर खाली अर्धा दात दिसला, तर तेलाचा खर्च करू नका. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, पूर्ण सेट बदला. नुसती नवी चेन जुन्या दातांवर लवकर झिजते.

उरलं ते काळं रॉकेल. ते गटारात ओतू नका. बोरिवली-कांदिवलीची गटारं दहिसर आणि पोयसर नद्यांना मिळतात, आणि या नद्या आपल्या नॅशनल पार्कातून येतात. जुन्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. दोन दिवसांत गाळ तळाला बसतो. वरचं निवळलेलं रॉकेल पुढच्या वेळी त्याच ब्रशला चालतं.