मावळ्याची हिरकणी

दिवाळी आली की अंगणात मुलांचे किल्ले उभे राहतात. दगड-विटा, पोती, चिखल, त्यावर पेरलेले अळीव, आणि मग बाजारातून आणलेली चित्रं. महाराज सिंहासनावर, दारात पहारेकरी, बुरुजांवर मावळे. मावळे सगळे एकाच साच्यातले: एक पाय पुढे, हातात तलवार. दिवाळी सरली की हात तुटलेली चित्रं कचऱ्यात जातात. आम्ही गटातल्या बायका ती गोळा करतो आणि पॉलिमर क्लेने त्यांना नवा हात, नवा कपडा, नवं काम देतो. ते कसं, हे आज सांगायचं आहे.

याची सुरुवात एका मुलीच्या प्रश्नाने झाली. "गडावर बायका राहतच नव्हत्या का?" असं तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. गड म्हटला की पाणी आलं, दूध आलं, दळण आलं, गुरंढोरं आली. रायगडावर हिरकणीच्या नावाचा बुरूज आहे. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी राज्याची धुरा घेतली. पण आमच्या बाजारात मागितली तर डोक्यावर हंडा घेऊन ताठ उभी असलेली एकच बाई मिळते. म्हणून आम्हीच करायला बसलो.

हा क्ले म्हणजे माती नव्हे. पीव्हीसी प्लॅस्टिकची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य यांचा तो गोळा असतो. शाडू हवेने सुकतो, तसा हा सुकत नाही. भाजल्यावरच घट्ट होतो. त्यामुळे काम अर्धं झाकून ठेवून स्वयंपाकाला उठता येतं. जर्मनीत केटे क्रूसे या बाहुल्या करणाऱ्या नावाजलेल्या बाई होत्या. त्यांची मुलगी, लाडाचं नाव फिफी, हिने असा क्ले वापरात आणला. १९६४ मध्ये तो एबरहार्ड फाबर या कंपनीने घेतला आणि पुढे 'फिमो' नावाने जगभर गेला. म्हणजे बाहुल्या करणाऱ्यांच्या घरातूनच हा आपल्यापर्यंत आला.

काम मात्र क्लेपासून सुरू करायचं नाही; आधी हातातलं चित्र कशाचं आहे ते पाहायचं. भाजक्या मातीचं असेल तर उत्तम. चांगलं कोरडं करून घ्या, म्हणजे ते क्लेसकट भाजता येतं. प्लॅस्टिकचं असेल तर ओव्हनमध्ये वाकतं, वितळतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचं असेल तर उष्णतेने भुसभुशीत होतं. या दोन्हींसाठी क्लेचा भाग वेगळा करून, वेगळा भाजून, गार झाल्यावर गोंदाने चिकटवायचा. किंवा सरळ एम-सील वापरायचं. त्याला भाजावंच लागत नाही.

आता हिरकणीच करू. गवळण गडावर अडकली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मातीचा एक मावळा घ्या. पायाखालची चकती कानशीने घासून काढा. तलवारीचा हात तुटला असेल तिथे बारीक भोक पाडून तार बसवा, तारेवर क्ले चढवून नवा हात करा, बोटं दगड पकडल्यासारखी वळवा. चित्र एका दगडाला टेकवा, तोंड दगडाकडे. मावळ्याचा पुढे पडलेला पाय आता खाली आधार शोधणारा पाय होतो. तोंड दगडाकडे असल्याने मिशांचा प्रश्नच उरत नाही, आणि पगडी पदराखाली जाते.

लुगड्यासाठी क्ले पापडासारखा पातळ लाटा. चित्राला फेव्हिकॉलचा हात देऊन वाळू द्या, मग क्ले नीट धरतो. कासोटा मागून खोचा, निऱ्या दाभणाने ओढा, पदर कमरेला घट्ट बांधा. पदर वाऱ्यावर उडता ठेवला की शोभेची बाहुली होते. कडा उतरणारी बाई पदर मोकळा सोडेल का? असे प्रश्न विचारत गेलं की हात आपोआप बरोबर चालतो.

क्ले स्वस्त नाही. दगडासारखा जाड भाग क्लेचा करायचा असेल तर आत फॉइलचा घट्ट गोळा ठेवा. क्ले वाचतो आणि जाड थराला जाणारे तडेही टळतात.

भाजणं मोठ्या माणसांनीच करायचं. पाकिटावर लिहिलेली उष्णता पाळा. फिमोला ११० अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं लागतात, काही क्लेंना १३० अंश. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवा. मायक्रोवेव्ह चालत नाही, आणि गॅसवर तवा ठेवून तर मुळीच नको. क्ले करपला की घशाला, डोळ्यांना झोंबणारा विषारी धूर निघतो. तसं झालं तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि मुलांना घेऊन बाहेर जा. क्लेला लावलेलं लाटणं, ताट, सुरी पुन्हा स्वयंपाकात आणू नका. आमच्या गटाने एक जुना ओव्हन फक्त याच कामाला ठेवला आहे; चार-पाच घरांनी मिळून असं करणं सोयीचं पडतं.

भाजून गार झाल्यावर हात हलका ओढून पाहा. सुटला तर दोन नळ्यांचा गोंद कालवून बसवा. रंग ॲक्रिलिकचा द्या. ऑइल पेंट यावर चिकट राहतो. काही राहून गेलं असेल तर वर क्ले लावून पुन्हा भाजता येतं.

हिरकणी झाली की दुसरी कोण, ते मुलांनाच विचारा. आमच्याकडच्या मुलांनी टाक्यावर पोहरा ओढणारी सांगितली, घोड्याला चारा घालणारी सांगितली, आणि घोड्यावर बसलेल्या ताराबाई सांगितल्या. प्रत्येक वेळी मुलं आधी विचारतात, ही काय करते आहे? त्याचं उत्तर ठरलं की मगच क्ले मळायला घ्यायचा.

तेव्हा मैत्रिणींनो, माळ्यावरची तुटकी चित्रं खाली काढा. यंदाच्या किल्ल्यावर एक तरी बाई आपलं काम करताना दिसू द्या.